ओव्हिड इंग्रजीतून वाचायचा, तर कोणाचा?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. इंग्रजीत एम.ए. करते आहे, ओव्हिड या रोमन कवीचं 'मेटॅमॉर्फोसीज' म्हणजे रूपांतरांच्या कथांचं काव्य वाचायचं आहे, लॅटिन येत नाही. एका मैत्रिणीने टेड ह्यूज सुचवला, सरांनी गोल्डिंगचं नाव घेतलं, दुकानदाराने पेंग्विनची नवी प्रत पुढे केली. तिचं म्हणणं असं: "यातलं मुळाशी सगळ्यात प्रामाणिक कोणतं? आणि पद्याचा हट्ट कशाला? सरळ गद्य भाषांतर घेतलं तर काय बिघडलं?"

आधी गद्याचं बोलू, कारण तिथेच सगळी मेख आहे.

गद्य घेतलंत तर गोष्टी कळतील. लोब मालिकेतलं फ्रँक जस्टस मिलरचं 1916 सालचं गद्य भाषांतर चांगलं आहे, समोरच्या पानावर लॅटिन असतं, आणि मी आजही अडले की तेच उघडते. पण या गोष्टी ओव्हिडच्या नव्हेत. नार्सिसस, डॅफ्नी, नायोबी, फेथॉन या कथा त्याच्या आधी ग्रीकांनी सांगून झाल्या होत्या आणि रोममधल्या शिकल्यासवरल्या वाचकाला पाठ होत्या. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या आजीला नलदमयंतीचं पुढे काय होतं हे ठाऊक नसतं थोडंच? ती ऐकायला येते ते बुवा कसं सांगतात ते. ओव्हिडचं स्वतःचं म्हणावं असं जे काही आहे ते या 'कसं' मध्ये आहे, आणि गद्यात नेमकं तेच गळून जातं.

काव्य किती मोठं आहे तेही सांगते. पंधरा सर्ग, बारा हजाराला थोड्याच कमी ओळी, अडीचशेच्या आसपास कथा. इ.स. 8 मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस इथे हद्दपार केलं, तेव्हा हे काव्य जवळजवळ पूर्ण झालं होतं. कारण विचाराल तर तो स्वतः दोनच शब्द देतो: 'एक कविता आणि एक चूक'. चूक कोणती ते त्याने कधी सांगितलं नाही.

आता छंद. इथे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा सोपं जातं, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले आहे. लॅटिन छंद आघातावर चालत नाही, लघु-गुरूवर चालतो. ओव्हिडचा छंद हेक्झामीटर, त्याच्या ओळीत सहा गण असतात. प्रत्येक गण एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरु. कसंही मोजलंत तरी गणाला चार मात्रा. पाचवा बहुतेकदा भगणच आणि शेवटचा दोन अक्षरांचा. ज्याने शाळेत पादाकुलकाचे आठ-आठ मात्रांचे तुकडे पाडले आहेत त्याला हे बोटांवर मोजता येतं. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे आघात मोजतात, त्यामुळे इंग्रजी हेक्झामीटर बऱ्याचदा लंगडतो किंवा रेंगाळतो, आणि ओव्हिडचा तर धावतो. म्हणून प्रत्येक इंग्रजी भाषांतरकाराला पहिल्या ओळीआधीच ठरवावं लागतं, याला आपल्याकडची कोणती चाल द्यायची. त्या निवडीतच अर्धं भाषांतर होऊन जातं.

'प्रामाणिक कोणतं' या प्रश्नाकडे याच बाजूने बघा. इंग्रज कवी ड्रायडनने 1680 साली भाषांतराचे तीन प्रकार मांडले होते: शब्दाला शब्द, अर्थाला अर्थ, आणि मूळ केवळ निमित्त. आपल्याकडे ही विभागणी न सांगता पाळली गेली आहे. वामन पंडितांनी गीता समश्लोकी केली, विनोबांनी गीताई केली, आणि ज्ञानेश्वरांनी सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या रचल्या. यातलं अप्रामाणिक कोणतं, असं कोणी विचारत नाही. 'मेघदूत' कुसुमाग्रजांनी केलं, शान्ताबाईंनी केलं, चिंतामणराव देशमुखांनी केलं. आपण तिन्ही शेजारी ठेवून वाचतो आणि वाद घालतो. ओव्हिडचंही तसंच करायचं. फक्त वाद कुठल्या ओळींवर घालायचा ते ठाऊक हवं.

अशा चार-पाच ओळी माझ्या ठरलेल्या आहेत. नवं भाषांतर हातात आलं की मी प्रस्तावना वाचत नाही, थेट तिथे जाते.

पहिली म्हणजे काव्याचीच पहिली. 'इन नोवा फेर्त आनिमुस' एवढे शब्द वाचले की अर्थ लागतो, 'माझं मन नव्याकडे ओढ घेतंय'. वाक्य पुरं झालं असं वाटतं. मग दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी 'कोर्पोरा', म्हणजे 'देह', येतो आणि मागचं 'नवं' हे या देहांचं विशेषण होतं असं उमगतं. रूपं बदलून नवे देह कसे झाले ते सांगायचंय. म्हणजे रूपांतराच्या काव्याचं पहिलं वाक्य वाचता वाचताच रूप बदलतं! लॅटिनला विभक्तिप्रत्यय आहेत म्हणून विशेषण आणि नाम इतकं लांब ठेवता येतं. मराठीत थोडंफार साधेल, इंग्रजीत जवळजवळ नाही. ते साधलं नाही म्हणून मी कोणाला नापास करत नाही. मी बघते ते क्रियापद. ओव्हिड म्हणतो 'दीकेरे', सांगणं. व्हर्जिलसारखं 'कानो', गातो, असं म्हणत नाही. गोल्डिंगने 'निवेदन करतो' अशा अर्थाचं क्रियापद घेतलं. पुढच्या शतकातल्या सँडिस आणि ड्रायडन या दोघांनीही 'गातो' केलं आणि ओव्हिडला तिथल्या तिथे महाकवीचा फेटा बांधला. तीनशेहून अधिक वर्षांनी ह्यूज पुन्हा 'सांगतो' वर आला. एका क्रियापदावरून पुढच्या चारशे पानांचा सूर कळतो, असा माझा अनुभव आहे.

आता माणसांकडे.

आर्थर गोल्डिंगने 1565 साली पहिले चार सर्ग आणि 1567 साली पूर्ण काव्य छापलं. छंद चौदा अक्षरांचा, सात आघातांचा, दोन-दोन ओळींना यमक. गोल्डिंग कडवा प्रॉटेस्टंट. कॅल्व्हिनचे ग्रंथही याच माणसाने इंग्रजीत आणले. अशा गृहस्थाने देवांच्या लफड्यांचं काव्य हातात घ्यावं याचं त्याला स्वतःलाच अवघडलेपण असावं, कारण सुरुवातीला त्याने प्रत्येक कथेतून काय बोध घ्यायचा ते लांबलचक पद्यात सांगून टाकलं आहे. मला हे थेट नारदीय कीर्तनासारखं वाटतं. पूर्वरंगात नीती उरकली की उत्तररंगात आख्यानाला बुवा मोकळे! आणि आख्यान तो असं रंगवतो की बोलायची सोय नाही. त्याचा ओव्हिड रोमचा राहत नाही, इंग्लंडच्या खेड्यात राहायला येतो. सातव्या सर्गात मीडिया ही जादूगारीण डोंगरांना, नद्यांना, तळ्यांना आणि वनदेवतांना हाक मारते, तिथे गोल्डिंगने देवांच्या जागी इंग्रजी लोककथांतले 'एल्व्ह' घातले. शेक्सपियरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो जादू सोडताना ज्या भाषणाला सुरुवात करतो, त्यात हेच डोंगरांचे, ओढ्यांचे आणि तळ्यांचे एल्व्ह आहेत. शेक्सपियरला लॅटिन येत होतं, पण कानात गोल्डिंग होता. एझ्रा पाउंडने तर हे इंग्रजीतलं सगळ्यात सुंदर पुस्तक म्हणून जाहीर करून टाकलं. पाउंडचं सगळंच जरा चढ्या आवाजात असतं, पण सुरुवातीची पन्नास पानं मोठ्याने वाचून बघा, त्याला काय ऐकू आलं ते कळेल. शंभराव्या पानाला मात्र चौदा अक्षरांची बैलगाडी कंबर मोडते.

माझी दुसरी खूण तिसऱ्या सर्गात आहे: एको आणि नार्सिसस. एकोला दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूटच तेवढं बोलता येतं. नार्सिसस विचारतो, 'एक्विस आदेस्त?', कोणी आहे का? ती म्हणते, 'आदेस्त', आहे. मराठीत 'कुणी आहे का इथे?' 'इथे!' असं सहज जमतं, कारण आपले शब्द वाक्यात कुठेही बसायला तयार असतात. गोल्डिंगने काय केलं बघा. त्याच्या नार्सिससच्या प्रश्नाचा शेवट 'नाय' या शब्दाने होतो, म्हणजे 'जवळपास', आणि एको उत्तर देते 'आय', म्हणजे 'मी'. एका अक्षराचं शेपूट, शिवाय यमक, शिवाय नवा अर्थ. चार-साडेचार शतकांत याच्यापेक्षा सरस मला काही भेटलेलं नाही. पुढे नार्सिसस म्हणतो 'कोएआमुस', त्याच्या मनात 'भेटू या'. एको तोच शब्द परत करते आणि लॅटिनमध्ये त्याचा शय्यासोबत असाही अर्थ होतो. ही कोटी इंग्रजीत एकतर हरवते नाहीतर चावट होते.

जॉर्ज सँडिसची गोष्ट मला फार आवडते. 1621 साली त्याचे पहिले पाच सर्ग छापले गेले आणि त्याच वर्षी तो व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार म्हणून अमेरिकेला निघाला. दोन सर्ग त्याने जहाजावर केले. जेम्सटाउनला पोचल्यावर वसाहतीत लढाया, उपासमार आणि हिशेबाची भांडणं, आणि रात्री हा ओव्हिड घेऊन बसणार. 1626 साली पूर्ण पुस्तक निघालं. राजाला अर्पण करताना तो म्हणतो की या काव्याचं बीज रोमन, पण वाढलं ते नव्या जगात, तेव्हा थोडं रांगडं असायचंच. प्रत्यक्षात ते रांगडं अजिबात नाही. दहा अक्षरांची यमकबद्ध द्विपदी आणि मुळाच्या ओळसंख्येच्या आसपास राहण्याची धडपड. कधी कधी इतकी काटकसर की ओळ उलगडायला लॅटिनच बघावं लागतं. 1632 च्या आवृत्तीत त्याने प्रत्येक सर्गामागे भलीमोठी टीका जोडली. ती स्वतंत्रपणे वाचावी अशी आहे.

मग ड्रायडन. तो 1700 साली गेला. त्याने केलेले भाग आणि ॲडिसन, काँग्रीव्ह, गे, पोप वगैरे मंडळींचे भाग एकत्र करून सॅम्युअल गार्थ नावाच्या डॉक्टरने 1717 साली पूर्ण 'मेटॅमॉर्फोसीज' सिद्ध केलं. छंद तोच, पण आता घासूनपुसून लखलखीत झालेला. पहिल्या ओळीत डाव, दुसऱ्या ओळीत प्रतिडाव, टाळी. ओव्हिडच्या कोट्यांना याच्याइतका फिट बसणारा अंगरखा इंग्रजीत दुसरा नाही. तोटा असा की दर दोन ओळींनी दार बंद होतं. ओव्हिड तर पहिल्याच वाक्यात देवांकडे 'अखंड' गाणं मागतो आणि ते पाळतो. फेथॉनची कथा पहिल्या सर्गाच्या शेवटी सुरू करून दुसऱ्यात नेतो, एका कथेच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. द्विपदीत तो प्रवाह थांबत-थांबत चालतो.

ड्रायडनला ओव्हिडचं एक मुळीच पटत नसे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नार्सिसस स्वतःच्या प्रतिबिंबापाशी झुरत मरायला टेकलाय आणि म्हणतो, 'इनोपेम मे कोपिया फेकित', सुबत्तेनेच मला कंगाल केलं. ड्रायडन 1700 च्या एका प्रस्तावनेत विचारतो, प्रेमापायी मरणारा माणूस असल्या कोट्या करील काय? प्रश्न रास्त आहे. पण ओव्हिड हा असाच आहे. नको तिथे, नको तेव्हा, रक्त वाहत असताना तो चेष्टा करतो. पायरामस स्वतःला भोसकून घेतो तेव्हा रक्ताची चिळकांडी कशी उडते? शिशाचा नळ फुटल्यावर पाणी उडतं तशी! रोममध्ये शिशाचे नळ ओळखीचे होते, वाचकाच्या डोळ्यांसमोर प्लंबरच उभा राहिला असणार. हसायचं की रडायचं ते तो सांगत नाही. माझ्या मते भाषांतरकाराची खरी कसोटी हीच. जो या जागी घसा खाकरून गंभीर होतो, त्याने कथा आणली, ओव्हिड मागेच ठेवला.

आणि म्हणून टेड ह्यूज. 1997 चं 'टेल्स फ्रॉम ओव्हिड' हे महान इंग्रजी काव्य आहे यात मला शंका नाही. त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार त्याला मिळाला तो उगाच नव्हे. मुक्त ओळी, हाडापर्यंत जाणारी क्रियापदं, वासनेने फाटलेली माणसं. पण ते निवडक आहे, चोवीस प्रकरणांचं. क्रम त्याने स्वतःचा लावला आहे, आणि डॅफ्नी, ऑर्फियस, मीडिया त्यात नाहीतच. शिवाय ह्यूजला हसायचं नाही. त्याला माणसाची वासना शेवटच्या टोकाला गेली की काय होतं ते बघायचं आहे. ड्रायडनच्या विभागणीत हा तिसरा प्रकार. ओव्हिडनंतर वाचा, ओव्हिडऐवजी वाचू नका.

डॅफ्नी. पहिला सर्ग. अपोलो देव मागे लागलाय, ती पळतेय, बापाकडे धावा करते आणि तिचं झाड होतं. तिच्या कोवळ्या उराभोवती 'पातळ साल' चढते. सालीसाठी शब्द आहे 'लिबेर', आणि लॅटिनमध्ये तोच शब्द पुस्तकासाठीही. मुलगी झाडात जाते तशीच ग्रंथातही जाते. इंग्रजीत यावर इलाज नाही. आपल्याकडे भूर्ज आहे, सालही आणि लिहायचं पानही. मराठीत कधी कोणी हे करणार असेल तर ही जागा फुकट मिळालेली आहे. (जाता जाता: आपल्या कथांत शापामागून उःशाप येतो. ओव्हिडमध्ये तो क्वचित. आयोला गाईची पुन्हा बाई करून मिळते, डॅफ्नी झाडच राहते.)

झाड झाल्यावर अपोलो तिला सांगतो की आता तू माझी, तुझ्या पानांचे मुकुट होतील. त्यावर कथेची शेवटची ओळ: नव्या फांद्यांनी तिने होकार दिला, 'आणि डोकं हलवावं तसा शेंडा हलवल्यासारखं दिसलं'. त्या 'दिसलं' मध्ये, 'वीसा एस्त' मध्ये, सगळं आहे. कोणाला दिसलं? वाऱ्याने हललेला शेंडा आणि बघणारा अपोलो. गोल्डिंगने 'भासलं' ठेवलं, पण अपोलोच्या मागणीला 'रास्त' असं विशेषण पदरचं जोडलं. ड्रायडनने 'भासलं' उडवूनच दिलं. त्याच्याकडे कृतज्ञ वृक्ष त्याच्या बोलण्याने प्रसन्न झाला आणि त्याने मान डोलावली. द्विपदी झकास वाजते. पण मुळात संशय होता, ड्रायडनने संमती लिहून दिली.

हा मुद्दा हल्लीच्या भाषांतरांत ऐरणीवर आला आहे, आणि ते बरंच झालं. या काव्यात बलात्कार किती आहेत ते मोजायला बसलात तर हात थकेल. जुन्या इंग्रजीत त्याचं 'भोगलं', 'जिंकलं', 'आपली केली' असं होत आलं. आपल्याकडचे पौराणिक अनुवादही यात मागे नाहीत. 2022 साली पेंग्विनने स्टेफनी मॅकार्टरचं नवं भाषांतर काढलं. निर्यमक, पाच आघातांची ओळ. जिथे लॅटिनमध्ये बळजोरी आहे तिथे ती बळजोरीच लिहिते, आणि स्त्रियांच्या देहाच्या वर्णनात पूर्वीच्यांनी पदरचं घातलेलं काढून टाकते. दुकानदाराने पुढे केलं ते बहुधा हेच असावं. तरी एक पेच उरतोच. आयोबद्दल ओव्हिडचे शब्द आहेत 'रापुइत पुदोरेम'. मराठीत शब्दशः होतं: 'अब्रू लुटली'. म्हणजे रूपक जसंच्या तसं आपल्याकडे वापरात आहे! पण ते ठेवलं की लाज पुन्हा त्या मुलीच्याच पदरात पडते. काढलं की रोमन लोक याकडे कसे बघत ते झाकलं जातं. मी स्वतः ते रूपक ठेवीन. दुसऱ्या कोणी काढलं तर भांडणार नाही.

मधल्या काळातली बाकीची भरभर सांगते. रॉल्फ हम्फ्रीजचं 1955 चं भाषांतर सैल, गप्पिष्ट, अजून ताजं. ए. डी. मेलव्हिलचं 1986 चं ऑक्सफर्डने काढलेलं निर्यमक पद्य थोडं भारदस्त, पण त्यातल्या केनी या अभ्यासकाच्या टिपांसाठी घ्यावंच. डेव्हिड रेबर्नने 2004 साली पेंग्विनसाठी हेक्झामीटरमध्येच केलं. धाडस कौतुकाचं, पण लांब बैठकीत मला ती चाल जड जाते. त्याच वर्षीचं चार्ल्स मार्टिनचं मला मनापासून आवडतं, कारण हा माणूस चेष्टेला घाबरत नाही. पाचव्या सर्गात म्यूझ देवतांशी स्पर्धा लावणाऱ्या नऊ बहिणींना त्याने चक्क रॅप म्हणायला लावलं आहे. काहींना तो आचरटपणा वाटतो. त्या मुली आचरटच आहेत.

तेव्हा तुमच्यासाठी: मार्टिन किंवा मॅकार्टर यांतलं एक पूर्ण वाचा, सलग, कादंबरीसारखं. शेजारी लोब ठेवा. परीक्षेत शेक्सपियर असेल तर गोल्डिंगचे सर्ग 4 आणि 7. गोल्डिंग, सँडिस आणि गार्थ तिन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. ह्यूज सुट्टीत.

आणि सुरुवात सहाव्या सर्गापासून करा, लिशियाच्या शेतकऱ्यांच्या कथेपासून. सत्तरेक ओळींची आहे. तहानलेली लटोना देवी दोन तान्ही पोरं घेऊन तळ्यावर येते, गावकरी पाणी पिऊ देत नाहीत, वर उड्या मारून तळ गढूळ करतात. ती म्हणते, राहा मग इथेच. ते बेडूक होतात. तिथली ओळ अशी: 'क्वाम्विस सिंत सुब आक्वा, सुब आक्वा मालेदीकेरे तेंप्तांत', पाण्याखाली असले तरी पाण्याखालून शिव्या घालू बघतात. 'सुब आक्वा, सुब आक्वा' मोठ्याने म्हणा, बेडूक ऐकू येतात. प्रत्येक भाषांतरात ही ओळ काढून बघा, बेडूक ओरडतो की नुसता असतो.

मी ती मराठीत करायला घेतली त्याला बरीच वर्षं झाली. 'बुडुनी बुडुनी बडबड बडबड' इथपर्यंत आले आहे. चार-चार मात्रांचे चार गण झाले, बुडबुडेही आले, पण बेडूक गेला. दोन गण शिल्लक आहेत आणि त्यात शिव्याही बसवायच्या आहेत. 'डराव' घातलं की मात्रा बसतात आणि ओळ बालगीत होते.